पुसलेला अंगारा

मी रोज देवीच्या तसबिरीपुढं हात जोडतो, तिच्या वाघालाही फूल वाहतो. पण गंगापूरजवळच्या आमच्या उसात बिबट्याची मादी दिसली आणि माझी सगळी भक्ती पातळ झाली. लेक बाळंतपणाला आलेली, घर उसाला लागून. वाघ तसबिरीतच ठेवायचा होतास ना, असं मी देवीला रागानं विचारत होतो.

ऊसतोड सुरू असताना पाचटात दोन पिल्लं सापडली. तोडणारी माणसं कोयते टाकून पळाली. मला वाटलं, देवीनंच ही लेकरं माझ्या पदरात टाकली. शहाणपणा केला. घरी आणली, कपाळाला अंगारा लावला, टोपलीत घालून देवघरापुढं ठेवली. दुपारी उसातली गुरगुर घराकडं सरकू लागली. भाऊबंद कुऱ्हाडी घेऊन जमले. आत लेक तान्ह्या बाळाला छातीशी धरून बसली होती आणि हे संकट मीच घरात आणलं होतं.

तेवढ्यात वनखात्याच्या गाडीतून एक अनोळखी बाई उतरली. बिबट्याच्या शेजारी कसं राहायचं, हे सांगत ती गावोगाव फिरते. तिला कुणी कळवलं, ते मला अजून ठाऊक नाही. टोपली पाहून ती रागावली नाही.

"काका, अंगारा पुसा. माणसाचा वास जितका कमी, तितकं बरं."

"आवो ताई, देवीचा हाय त्यो!"

"देवीला कळेल, काका. यांच्या आईला नाही कळणार."

मी तो पुसला. पाप वाटलं. तिनं सगळ्यांना घरी पाठवलं. पिल्लांची नेमकी जागा मलाच ठाऊक, म्हणून मला सोबत घेतलं. मादीला चाहूल लागावी म्हणून मोठ्यानं बोलत ती पुढं चालत होती. असं काळीज मी पाहिलं नव्हतं. जिथं सापडली त्याच सरीत, गाडीतून आणलेल्या उघड्या क्रेटमध्ये पिल्लं ठेवून आम्ही परतलो.

दिवस मावळताना गच्चीवरून पाहिलं. मादी आली, एक पिल्लू तोंडात धरून उसात गेली. मग बराच वेळ कुणी नाही. मी देवीला काही मागायचंही विसरलो. शेवटी ती पुन्हा आली.

"नेली बाबा, दोनी नेली!" म्हणत लेक ढसाढसा रडली.

मादी अजून शिवारात आहे. आम्ही शेळ्या बंद गोठ्यात ठेवतो, दिवसाउजेडीच पोरांना घरात घेतो. पूजेला बसलो की आधी त्या ताईचं भलं चिंततो. लेकरं राखायला मी देवघरात आणली होती. जिथली होती तिथं सोडली, तेव्हाच ती राखली गेली.