हाताला सवय लागेपर्यंत

बाई खुर्चीवर टेकल्या तरी पिशवी मांडीवरून खाली ठेवायच्या नाहीत. श्रीरामपूरच्या आमच्या वाचनालयात मी त्यांना कितीदा म्हणालो असेन, "ठेवा की पिशवी खाली." त्या म्हणायच्या, "असू द्या सर, बसची वेळ झालीच." बसला अजून पुष्कळ अवकाश असायचा.

तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. बेलापूरच्या बसमध्ये खिडकीशी, बोटांच्या पेरांत काळं तेल मुरलेलं, तिकिटालाही तेच बोटांचे ठसे. आयटीआयमध्ये त्या मुलींना फिटरचं काम शिकवत, तासिकेवर. कायम होण्याची आशा धरायची तर निदेशकांचा, म्हणजे आयटीआयत शिकवणाऱ्यांचा, वर्षभराचा कोर्स करायला हवा होता, तोही मुंबईला राहून. त्याच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास त्या आमच्याकडे बसून करत. मी ग्रंथपाल, पुस्तकं काढून ठेवायचो. ओळख ती एवढीच.

एका संक्रांतीला माझी बायको त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेली आणि वाण म्हणून लोखंडी सांडशी घेऊन आली. बाईंनी आपल्या वर्गातल्या मुलींच्या आया बोलावल्या होत्या. तिथली हकीकत बायकोनं घरी येऊन सांगितली ती अशी.

एक मावशी सांडशी उघडमीट करत म्हणाली, "घट्ट धरती की! कुठल्या दुकानातली?"

"दुकानातली न्हाई. तुमच्या पोरीनं केली."

"तिनं? तिला घरात चहाचं पातेलं धड उतरवता येत न्हाई!"

"हाताला सवय लागेपर्यंत कुणालाच येत नसतं, मावशी. आता पुढची सवय कंपनीत लागंल. नगरला वर्षभर अ‍ॅप्रेंटिस म्हणून धाडा तिला. काम करता करता शिकंल, पुढं डिप्लोमाचीबी वाट मोकळी हुईल."

मावशी हे महिनोन् महिने टाळत आली होती. तिनं रोखून विचारलं, "आन् तुमी सोता का न्हाई गेल्या कुठं?"

बाई हळदीची वाटी पुढं करत म्हणाल्या, "न्हाई गेले, म्हणून तर सांगत फिरते."

तेवढ्यात आतल्या खाटेवरून सासूबाईंचा आवाज आला, "माझी सून लोखंड गुळगुळीत करती, आन् कढीत गुठळ्या ठिवती!" सगळ्या हसल्या. त्या हसण्यात मावशीही विरघळली. पोरगी नगरला गेली.

त्याच वर्षी बाईंचा मुंबईच्या कोर्सला नंबर लागला. आयटीआयतले म्हणाले, जा. शेजारी म्हणाले, जा. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "जा गं, मी काय पळून चाललेय व्हय?" पण मागे एकदा पडल्यापासून त्यांच्या कमरेत बळ नव्हतं. रोज सकाळी त्यांना खाटेवरून उठवून बसवणार कोण, हे कुणीच बोलत नव्हतं.

"तुमचे यजमान?" मी विचारलं. ते भाजीपाल्याचा टेम्पो चालवत.

"त्यांना न्हाई जमत, सर. एकदा उठवायला गेले, दोघंबी पडता पडता वाचले. आत्याबाई ओरडल्या, मी पीठ भरल्या हातानं धावले. तेव्हापासून त्यांनी हात लावला न्हाई, आन् मीबी लावू दिला न्हाई." मग पुस्तक मिटून म्हणाल्या, "बघू पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी पुन्हा नंबर लागला, आणि पुन्हा तेच झालं. त्यानंतर त्या यायच्या, पण परीक्षेची पुस्तकं मागायच्या नाहीत. वर्तमानपत्र चाळायच्या, मांडीवर पिशवी. त्यांच्या मुली मात्र एकामागून एक नगरला, चाकणला जात राहिल्या.

मागच्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि बाई गेल्या.

दहाव्यानंतर मी बेलापूरला त्यांच्या घरी गेलो. कंपन्यांतून रजा काढून आलेल्या मुली ओट्याशी चहा करत होत्या. यजमान म्हणाले, "बसा सर, आईला उठवतो." त्यांनी खाटेवर गुडघा टेकला, आईच्या काखेतून हात घातला, तिचे हात आपल्या गळ्यात घेतले आणि सावकाश, एका लयीत तिला बसवलं. पाठीशी उशी सरकवली. ती ओरडली नाही.

मी पाहत होतो हे त्यांच्या लक्षात आलं.

"पहिले दोन-तीन दिवस आई रडली, मीबी रडलो," ते म्हणाले. "मग लागली हाताला सवय."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. ओट्याशी एक मुलगी सांडशीनं पातेलं उतरवायला गेली होती, ती तशीच थांबली.

खाटेमागच्या खुंटीला बाईंची पिशवी टांगलेली होती. ती त्यांच्या मांडीवेगळी मी पहिल्यांदाच पाहत होतो.