हुंगेभाऊंचं नाक

हुंगेभाऊ समोर आलेली प्रत्येक वस्तू आधी हुंगत आणि मग तिच्याकडे पाहत. मी नवा शिक्षक म्हणून त्या गावात हजर झालो, तेव्हा माझ्या नेमणुकीचा कागद त्यांनी नाकाशी धरला, डोळे मिटले आणि मालगुजारांना म्हणाले, "कागद सरकारीच हाये. पोरगा मात्र उपाशी हाये, पयले जेवाले घाला." मी खरोखर सकाळपासून उपाशी होतो. त्यांनी हे कागदावरून ओळखलं की माझ्या तोंडावरून, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते कोणी वापरत नसे. चांदा जिल्ह्याच्या झाडीपट्टीतलं ते गाव. मालगुजारी, म्हणजे गावचा सारा वसूल करणारी जमीनदारी, नुकतीच गेली होती, तरी मालगुजारांना लोक मालगुजारच म्हणत. संक्रांतीनंतर धान निघालेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे रिकाम्या भातखाचरांत, गावाचा शंकरपट लागे. लांबच लांब सरळ दाण आखलेली, तिच्यावर छकड्याला जुंपलेल्या बैलजोड्या दोन-दोनने सुसाट धावत. घरोघरी पाहुणे, दोन दिवसांत चार-पाच सोयरिकी जुळलेल्या. या पटाचे पंच होते हुंगेभाऊ. जोडी दाणीवर येण्याआधी ते दोन्ही बैलांची तोंडं हुंगत. कोणी बांबूच्या नळीने मोहाची दारू पाजलेली असे, कोणी गुळातून भांग चारलेली असे. भाऊंनी नुसतं डोकं हलवलं की ती जोडी बाद. वीस वर्षांत त्यांच्या निकालावर कोणी तोंड उघडलं नव्हतं.

हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. पटाच्या दिवशी निम्म्या गावालाच मोहाचा वास येत असे, त्यामुळे तो बैलाचा की बैल धरणाऱ्याचा हे दुसऱ्या कोणाला सांगता येत नसे. भाऊ म्हणत, "मानसानं पेली तं थो आपल्या पायानं पडते. बैलाले कोनी इचारलं का?" बैलाला नशा देऊन पळवणाऱ्या माणसाचा त्यांना मनापासून राग येई. एरवी हसतमुख असलेले भाऊ अशा मालकाशी वर्षभर बोलत नसत. त्याच्या घरच्या लग्नाला जात, पण जेवत नसत.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि पंचवार्षिक योजनेवर माझी अपार श्रद्धा होती. मालगुजारांच्या ओट्यावर बसून मी भाऊंना सांगायचो, की पटात अशी लबाडी चालत असेल तर सरकारने लक्ष घालावं, कायदा करावा, ढोरांचा डॉक्टर पाठवावा. भाऊ पोट धरून हसत. "गुरुजी, सरकारनं जंगल मोजलं, आता तेंदूच्या पानालेही आपन परवानगी मांगतो. पटात सरकार आलं का बैलालेही अर्ज लिहा लागन." मग ते माझ्या पाठीवर थाप मारत. "हे नाक हाये तोपर्यंत सरकारचं काम नाई इथी." या वादात मी दरवर्षी हरत असे, आणि हरल्यावर भाऊ मला घरी नेऊन लाखोळीच्या डाळीचे वडे खाऊ घालत, त्यामुळे हरण्याचं मला वाईटही वाटत नसे.

माझ्या चौथ्या पटात डोमाजीची जोडी दाणीवर आली. डोमाजी म्हणजे अगदी गरीब स्वभावाचा शेतकरी. बैलांना पोटच्या पोरांसारखं जपणारा. भाऊंनी दोन्ही बैल हुंगले, डोमाजीकडे पाहून हसले आणि झेंडी दाखवायला सांगितली. जोडी सुटली ती वाऱ्यासारखी. लोकांनी टोप्या उडवल्या. पण शेवटची खूण ओलांडली तरी जोडी थांबेना. जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याने छकड्यावरून उडी टाकली. बैल सरळ आलूभज्याच्या दुकानात घुसले, कढई एकीकडे, भजीवाला दुसरीकडे, आणि मांडवाचं कापड शिंगांवर घेऊन जोडी पुढच्या बांधीत गेली. लोक हसून हसून लोळायला लागले. एवढ्यात उजवीकडचा बैल गुडघ्यांवर बसला आणि आडवा झाला. तोंडाला फेस आला होता. मग कोणी हसलं नाही.

डोमाजी बैलाच्या गळ्यात पडून रडू लागला. धुरकरी पुढे आला. जोडी पहिली आली तर आपलंही नाव होईल, म्हणून पहाटे मालकाच्या नकळत आपणच दोन नळ्या पाजल्या, असं त्याने कबूल केलं. लोक त्याच्यावर धावून गेले. भाऊ मध्ये उभे राहिले.

"त्याले मंग मारा. पयले माह्यं आयका. दोन सालापासून मले वास येत नाई."

मालगुजारांनी विचारलं, "मंग दोन साल तुमी हुंगून काय राह्यले होते?"

"बैलाच्या मालकाले," भाऊ म्हणाले. "बैलाच्या तोंडाजवळ नाक नेलं का माह्ये डोळे मालकाच्या तोंडावर. लबाडी असली का मानूस गडबडते. ह्या डोमाजीले ठाऊकच नोतं, थो कायले गडबडन?"

"पन सांगाचं होतं नं भाऊ!"

"कसं सांगू? वीस साल गाव भाऊ भाऊ करून राह्यलं. नाक गेलं म्हनलं असतं तं मले कोन इचारलं असतं?"

पुढचे तीन दिवस भाऊ डोमाजीच्या गोठ्यातून हलले नाहीत. बैलाच्या डोक्यावर ओलं पोतं टाकत, ताक पाजत, त्याच्याशी बोलत. तिसऱ्या दिवशी बैल उठला आणि त्याने तणसाला तोंड लावलं, तेव्हा हा साठीचा माणूस लहान मुलासारखा टाळ्या वाजवत गावभर सांगत फिरला.

चौथ्या दिवशी ते शाळेत आले. मला म्हणाले, "लिहा अर्ज. पटाले सरकारनं ढोरायचा डाक्टर धाडावा." मी चकित झालो. इतकी वर्षं वादात मी हरलो होतो, पण जिंकलो तेव्हा मला काही आनंद झाला नाही. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. पंच म्हणून आपण नालायक ठरलो, आपल्या खोटेपणामुळे एक बैल मरणाच्या दारात गेला, हेही त्यांनी लिहायला लावलं.

तो अर्ज मालगुजारांच्या ओट्यावर वाचला गेला. अर्धं गाव जमलं होतं. मालगुजार भडकले. "अर्ज गेला तं सरकार पटच बंद करन! मंग पोरी माहेरी कायले येतीन? सोयरिकी कुठी होतीन?" निदान भाऊंबद्दलचं वाक्य तरी काढा, असं चार म्हातारे म्हणाले. त्यांना भाऊंची काळजी होती. मीही लेखणी उचलली, खोटं कशाला सांगू.

भाऊंनी माझा हात धरला. "थे काढलं तं सरकार मानूस काऊन धाडन? गावात पंच हायेच म्हनन." मग मालगुजारांकडे वळून म्हणाले, "पट बंद झाला तं माह्या नावानं बोंबला. पन बैल मेला असता तं कोनाच्या नावानं बोंबलले असते?" त्यांनी अंगठा उमटवला आणि पंचाच्या खुर्चीवरचा हक्क त्याच अंगठ्यासरशी सोडला. त्यांच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं.

सरकारने पट बंद केला नाही. सरकारला बहुधा अर्जच नीट कळला नसावा. पुढच्या पटाला सायकलवर औषधांची पेटी बांधून एक तरुण डॉक्टर आले आणि त्यांनी प्रत्येक बैलाचे डोळे, जीभ, श्वास तपासून दोन जोड्या बाद केल्या. लोकांनी थोडी कुरकुर केली आणि मग डॉक्टरांना जेवायला नेण्यावरून भांडणं लागली.

आता म्हातारपणी आम्ही पेन्शनर बागेत बसतो. औषधं टोचून धावणाऱ्या नामांकित खेळाडूंच्या बातम्या निघाल्या की, सरकारने यात पडावं का, यावर तावातावाने बोलतो. दोन्ही बाजूंचे मुद्दे मला पाठ आहेत. ते मी एकाच माणसाकडून ऐकले, आणि दोन्ही वेळा तो मनापासून बोलत होता. त्यामुळे मी कोणावर चिडत नाही. डॉक्टरांच्या त्या पटानंतर उन्हाळ्यात माझी बदली झाली, आणि दोन वर्षांनी भाऊ गेल्याचं कार्ड आलं. त्या दिवशी मी वर्गात शिकवू शकलो नाही.

पण डॉक्टर आले त्या पटात एक गंमत झाली होती. पंचाला आपली जोडी पळवता येत नसे, आणि भाऊ आता पंच नव्हते. आपले नांगराचे बैल घेऊन, धोतर खोचून, ते स्वतः छकड्यावर उभे राहिले. बैल शेतातून घरी यावेत तसे रमतगमत आले. दुसरी जोडी कधीच पोहोचून पाणी पीत होती. सगळी दाण उभी राहून ओरडत होती, मालगुजार सर्वांत मोठ्याने. भाऊ उतरले तेव्हा त्यांना धाप लागली होती, डोळ्यांत पाणी होतं आणि हसू आवरत नव्हतं.

"गुरुजी," ते म्हणाले, "वीस साल लोकायच्या जोड्या अडवल्या. आपली जोडी पयवाले कसं वाटते, थे आज समजलं."