अंगठ्यावरची पट्टी

कोपऱ्यावर गजरे विकणाऱ्या शांतामावशींच्या अंगठ्याला पट्टी दिसली. टॉर्चचं कडक प्लास्टिकचं पाकीट उघडताना त्याच्या कडेनं खोल कापलं होतं. अंगठ्याशिवाय गजऱ्याची गाठ बसत नाही, म्हणून टोपली रिकामीच होती. तरी त्या म्हणाल्या, "माझाच धांदरटपणा, दुसरं काय!"

हे वाक्य मला सहनच होत नाही. आपण सगळे असंच रक्त पुसतो आणि वर स्वतःलाच बोल लावतो. आणि ज्यानं ती पात्यासारखी कड बनवली, तो कोपऱ्यात कात्रीचं चित्र छापून मोकळा!

मावशींनी टॉर्च जिथून घेतला होता, त्याच दुकानात मी त्यांना घेऊन गेले. तसलंच पाकीट मागितलं आणि दुकानदाराला म्हटलं, "आता तुम्हीच उघडून द्या." त्यानं ओढलं, दातांत धरलं, शेवटी सुरी काढली.

"अहो भाऊ, जपून! हात कापेल!" मावशीच ओरडल्या.

सुरी जागीच थांबली.

आता त्या दुकानात गल्ल्याशेजारी दणकट कात्री टांगलेली आहे आणि वर पाटी आहे: 'पाकीट आम्ही उघडून देऊ.' कंपनीला तक्रारीचं पत्रही गेलंय, दुकानाच्या शिक्क्यासकट!

आज मावशींनी गजऱ्याची गाठ करकचून मारली, उघडा अंगठा माझ्यासमोर नाचवला आणि म्हणाल्या, "धांदरट ते पाकीट होतं गं, मी नव्हे."