चहा बॉस्टनला, भांडण लंडनला

“वहिनी, बॉस्टनच्या चहाचं नाटक, आणि स्टेजवर चहाची एक पेटीसुद्धा नाही?”

“पेट्या बॉस्टनला बुडाल्या. माझं नाटक लंडनला घडतं.”

“म्हणजे चार माणसं बसून मासिकं वाचणार.”

“वाचणार आणि भांडणार. आत्ता आपण भांडतोय तसं.”

“गणपतीत लोक हे बघायचे नाहीत. मी आयटम कॅन्सल करतो.”

चारुदत्तकाका अमेरिकेतल्या आमच्या ॲन आर्बरच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. त्यांनी कॅन्सल म्हटलं की झालंच. आणि वसुधाकाकूंनी तर आयुष्यात पहिल्यांदाच नाटक लिहिलेलं, तालीमही त्यांच्याच बेसमेंटमध्ये.

काकू मूळच्या नागपूरच्या. लग्न करून इथे आल्या, दोन हिवाळे थंडीला शिव्या दिल्या आणि मग युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत लागल्या. अठराव्या शतकातली लंडनची मासिकं एकेक पान उलटून, फोटो काढून मायक्रोफिल्मवर घ्यायची, हे काम. पान उलटायचं, वाचायचं नाही. काकू वाचत. आणि मग पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मसालेभात वाढता वाढता कालच घडल्यासारखं सांगत, “अहो, कळलं का? बॉस्टनवाल्यांनी करावर चिडून इंग्रजांचा सगळा चहा समुद्रात फेकला. लंडनचे एक गृहस्थ जाम भडकलेत, म्हणतात, कृतघ्न पोरं. पुढच्याच पानावर दुसरे म्हणतात, पोरं आपलीच, हक्क मागायला आपणच शिकवलं.”

“मग पुढे काय झालं?” कुणीतरी मुद्दाम विचारी.

“थांबा की. पुढचा अंक अजून टेबलावर यायचाय.”

त्या भांडणाचंच त्यांनी नाटक केलं होतं.

त्या दिवशी भडकलेल्या गृहस्थाचं काम करणारे गुरुदत्तकाका फ्लूनं घरी झोपलेले. काकूंनी त्यांचे कागद चारुदत्तकाकांच्या हातात दिले. “कॅन्सल करायच्या आधी एकदा वाचून तर बघा.”

समोर दुसऱ्या गृहस्थाच्या खुर्चीत अमित होता, चारुदत्तकाकांचाच मुलगा. महिन्यापूर्वी इंजिनिअरिंग सोडून ड्रम वाजवायला लागलेला. तेव्हापासून घरात दोघं फक्त मीठ मागायला बोलत.

काकांनी रेल्वेचं टाइमटेबल वाचावं तसं सुरू केलं. “आम्ही यांना वाढवलं. यांच्यासाठी लढाया केल्या.” मग आवाज चढला. कागद खाली गेला. “आणि आता आम्हालाच उलट उत्तरं? रात्रंदिवस राबून तुम्हाला इंजिनिअरिंगला घातलं...”

“भावोजी,” काकू हळूच म्हणाल्या, “तेव्हा बॉस्टनला इंजिनिअरिंग नव्हतं.”

बेसमेंट हसून लोळलं. फक्त अमित हसला नाही. रोमन अक्षरांत लिहून घेतलेला कागद त्यानं डोळ्यांसमोर धरला. “पण साहेब, हक्क मागायला... त्यांना शिकवलं कुणी? तुम्हीच ना?” मग वर बघून म्हणाला, “बाबा, दॅट्स रिअली माय लाइन.”

काकांनी खाली गेलेला कागद पुन्हा वर घेतला.

“मग?” काकूंनी विचारलं. “कॅन्सल?”

काकांनी गुरुदत्तकाकांच्या भूमिकेचे कागद गोळा केले, नीट घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवले, गाडीची किल्ली चाचपली, “उद्या तालीम किती वाजता?” एवढंच विचारलं आणि ते जिना चढून निघून गेले.