गडग्यालगतची डीपी

निवृत्त होऊन हातखंब्याजवळच्या आमच्या वाडीत कायमचा राहायला आलो आणि वर्षभरातच माझ्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून नवी डीपी उभी राहिली. डीपी म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. दोन खांबांवर ते राखाडी खोकं बसलं आणि त्यानं जे घूं सुरू केलं ते थांबेचना. मी ओटीवर पेपर उघडला की पहिली बातमी वाचून होण्याआधीच माझं डोकं फिरायचं.

म्हातारी मंडळी म्हणाली, जागेचा राखणदार कोपलाय, आणि त्यांनी तिथे नारळ दिला. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. त्यांना हसलो आणि डीपी हलवण्याचा अर्ज लिहायला बसलो. मग घरोघर सह्या मागत हिंडलो. शेजारच्या बाईंनीही सही दिली. त्यांच्या यजमानांची छाती चिरेखाणीच्या धुळीनं पार खलास झाली होती. घरात ऑक्सिजनचं मशीन होतं, पण व्होल्टेज पडलं की ते बंद पडायचं आणि सिलिंडर लावावा लागायचा. ही डीपी आली तेव्हापासून ते नीट चालू लागलं होतं. यातलं तेव्हा मला काहीएक ठाऊक नव्हतं. खोटं कशाला बोलू, मी कधी विचारलंच नव्हतं.

अर्ज गेल्यावर एक वायरमन आला. माझी तणतण त्यानं शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाला, आतल्या लोखंडात चुंबकपणा सारखा येतो-जातो, त्यासरशी ते केसाहूनही बारीक असं लांब-आखूड होतं, तेही सेकंदाला शंभर वेळा, म्हणून आतले पत्रे थरथरतात आणि खोकं घुमतं. चुंबकाचा धडा मी किती वर्गांना शिकवला असेन, पण लोखंड असं ताणलं जातं हे मला माहीत नव्हतं. ते याच्याकडून कळावं याचा मला राग आला, आणि तो मी त्याच्यावरच काढला. लोखंड नाचवायचं तर तुझ्या दारात नाचव, म्हणालो. तो हसला. सैल नटांनीही आवाज वाढतो, लाइन बंद करून अर्ध्या तासात आवळून देतो, म्हणाला.

अकराच्या सुमारास घूं थांबलं. काय सांगू, आंब्याचं वाळकं पान पडलेलंही ऐकू येत होतं. मी चहा मागवला, पाय पसरले, आपण जिंकलो असं मनाशी म्हणालो. एक नट गंजलेला निघाला आणि अर्ध्या तासाचा तास झाला, तरी माझी काही हरकत नव्हती.

तेवढ्यात शेजारच्या बाई गडग्याशी आल्या आणि आणखी किती वेळ लागेल ते त्यांनी हळूच विचारलं. लागेना का, कानाला किती बरं वाटतंय, असं मी म्हणालो. त्या घोटाळल्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, यांचं मशीन बंद आहे. सिलिंडर संपत आलाय."

मी अनवाणी धावत खांबाशी गेलो आणि नट राहू दे, आधी लाइन सोड, म्हणून ओरडलो. बिचारा भरभर उतरला. लाइन आली, डीपी घुमली आणि तो आवाज ऐकून मला रडूच फुटलं. तसाच बाईंच्या मागोमाग त्यांच्या घरात शिरलो. यजमान खाटेवर वाकून बसले होते, ओठ काळेनिळे. मशीन सुरू होऊन बऱ्याच वेळानं त्यांचा श्वास थाऱ्यावर आला. मला बघून त्यांनी बसायची खूण केली आणि बायकोला गुरुजींसाठी चहा ठेवायला सांगितलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बाईंच्या मागे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि विचारलं, सगळं माहीत असताना त्या अर्जावर सही का केलीत?

त्या आधण ठेवत होत्या. वळल्यासुद्धा नाहीत.

"तुम्ही पहिल्यांदाच आमच्या दारात आला होतात, गुरुजी. नाही कसं म्हणायचं?"