काठी त्याची, बटण माझं

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी नगर रोडवर, वाघोलीच्या अलीकडे, ट्रॅफिकमध्ये अडकले होते. शेजारच्या सीटवर पेन्सिल सेलचं पाकीट होतं. आदल्या दिवशी त्यानं बजावलं होतं, "ताई, स्वस्तातले आणू नकोस, ते ऐन वेळी मान टाकतात." फोनवर आई होती. "सुजा, ये गं लवकर," एवढंच म्हणाली आणि फोन न ठेवताच रडायला लागली. पुढे उसाचा ट्रक, मागे कुठल्याशा कंपनीची बस, आणि मी वेड्यासारखी हॉर्न वाजवत बसलेले. एका बाइकवाल्यानं काचेवर टकटक करून विचारलं, "मॅडम, उडून जायचंय का?" एरवी मी त्याला असं काही ऐकवलं असतं की तो आठवडाभर विसरला नसता. त्या दिवशी मी म्हटलं, "हो." तो बिचारा ओशाळला आणि गाडी बाजूला घेऊन मला वाट करून द्यायला लागला.

या पुरवणीच्या वाचकांना मिलिंद ठाऊक आहे तो शनिवारच्या याच जागेतून. व्हिडिओ गेमचं परीक्षण, तेही मराठीत, ही कल्पना त्यानं पहिल्यांदा सांगितली तेव्हा मी हसले होते. दिवसभर तो खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होता, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढायच्या. "चुका काढायचा पगार मिळतो, आणि तोही पुण्यात! अजून काय पाहिजे माणसाला?" असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. लिहायचाही तसंच. एका गाजलेल्या खेळाबद्दल त्यानं लिहिलं होतं, "दुपारी ज्यांना झोप येत नाही त्यांनी हा खेळ जरूर घ्यावा. येईल." एका पालकांनी पत्र पाठवून विचारलं होतं की मुलाला अमुक खेळ घेऊन द्यावा का. मिलिंदचं उत्तर छापून आलं : "आधी आपण स्वतः खेळा. आपल्याला खेळताना पाहून मुलगा आपोआप अभ्यासाला बसेल." मी त्याची सख्खी मोठी बहीण, कॉलेजात इतिहास शिकवते, आणि माझ्या वर्गात मुलं मला 'गेमवाल्यांची ताई' म्हणायची. मला राग यायचा. आता कोणी म्हणत नाही, त्याचाही राग येतो.

हे सगळं सुरू झालं कर्वेनगरला. आम्ही शाळेत होतो, गल्लोगल्ली केबल आली होती, टपरीवर परदेशी कोल्ड्रिंकच्या बाटल्या दिसायला लागल्या होत्या, आणि सायकलच्या दुकानाशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ गेमचं पार्लर उघडलं होतं. तिथे जाणारी बहुधा मी एकटीच मुलगी. आम्हा दोघांत मिळून एकच कॉइन असायचा, त्यामुळे एका मशिनपुढे दोघं उभे राहून आम्ही खेळ वाटून घ्यायचो. डाव्या हाताची काठी त्याची, उजव्या हाताचं बटण माझं. म्हणजे विमान चुकवायचं, पळवायचं, वाचवायचं काम मिलिंदचं, आणि गोळ्या झाडायचं माझं. त्या पार्लरमध्ये अशी वाटणी बरीच पोरं करायची, त्यामुळे भांडणं ठरलेली असायची. पण आमचा एक नियम होता आणि तो आम्ही कधी मोडला नाही : काहीही झालं तरी दुसऱ्याच्या बाजूला हात लावायचा नाही. समोरून गोळी येताना दिसली, मिलिंदला दिसली नाही, तर मी बोंबलू शकत होते, पण काठी धरायची नाही. हरलो की पडद्यावर 'कंटिन्यू?' असं यायचं आणि आकडे उलटे सुरू व्हायचे. आमच्याकडे दुसरा कॉइन नसायचा. आम्ही शून्य होईपर्यंत गुमान बघत उभे राहायचो आणि मग घरी जायचो.

पुढे त्याची नोकरी लागली, हवे तितके खेळ विकत घेता येऊ लागले, तरी ते शून्य त्याच्या डोक्यातून गेलं नाही. कंटिन्यू न घेता, पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत खेळ पुरा केल्याशिवाय तो परीक्षणाचं एक अक्षर लिहायचा नाही. मी म्हणायचे, "अरे, अर्ध्यावर कळतं की चांगला आहे की वाईट." तो म्हणायचा, "तू पेपर अर्धा तपासून मार्क देतेस का?" त्याच्या जिभेला हाड नव्हतंच, पण काय करता, मुद्दा बरोबर असायचा.

त्याचा उजवा हात आधी गेला. चहाचा कप निसटला, मग शर्टाचं बटण लागेना, मग सही वेडीवाकडी येऊ लागली. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी आम्हाला दोघांना समोर बसवून सांगितलं की स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच मरत चालल्यात, आणि याच्यावर औषध नाही. "नाही म्हणजे, पुण्यात नाही का?" मी विचारलं. "कुठेच नाही," ते म्हणाले. बाहेर आल्यावर मिलिंद म्हणाला, "बघ, एकदा तरी पुण्यात नाही म्हणजे जगात नाही हे सिद्ध झालं." मी त्याला तिथेच पार्किंगमध्ये एक चापट मारली आणि मग त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. तो उभा राहिला नुसता. पाठीवर हात ठेवायला उजवा हात उचलत नव्हता त्याचा.

त्याच सुमारास पुरवणीच्या संपादकबाईंनी तो शेवटचा खेळ पाठवला. नाव मुद्दामच देत नाही, परीक्षण न झालेल्या खेळाचं नाव छापणं म्हणजे फुकट जाहिरात, असं तोच म्हणायचा. अगदी जुन्या पार्लरच्या धाटणीचा खेळ : एक विमान, थोडे जीव, समोरून गोळ्यांचा पाऊस. फक्त गोष्ट नवी होती. दुसरं महायुद्ध संपलंच नाही, उलट शत्रू जिंकला, आणि त्याची राक्षसी हवाई जहाजं अजून शहरांवर तरंगतायत, अशी कल्पना. मी पाहिलं आणि नाक मुरडलं. "इतिहासात जर-तर नसतं, मिल्या. वर्गात पहिल्या दिवशी सांगते मी."

"म्हणून पोरं दुसऱ्या दिवशी येत नाहीत," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण ताई, यांनी फसवलंय. सगळा इतिहास बदलला, झेंडे बदलले, शहरं बदलली, आणि माणसाच्या हातात दिलं काय, तर तीच बंदूक. आपल्या आजीनं बदलला तो इतिहास. छप्पन साली नागपूरला पांढरं लुगडं नेसून ती गर्दीत उभी राहिली आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांची गोष्टच वेगळी करून टाकली. एक गोळी झाडली नाही. हे लिहायचंय मला परीक्षणात." आजी आमच्याकडेच असायची शेवटपर्यंत. घरी पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मिलिंदच्या खुर्चीमागे उभी राहून बघायची आणि विचारायची, "काहून रे, इतके मारतं तू, तरी सरत काहून नाहीत हे?" त्यालाही तो परीक्षणच म्हणायचा. "एका ओळीत सगळं आलं," म्हणायचा.

तर, हे लिहायचं होतं त्याला. आणि लिहायचं तर आधी खेळ पुरा करायला हवा होता. उजवा हात मांडीवर पडलेला, डाव्याचा अंगठा तेवढा चालतोय, तोही रोज थोडा थोडा हट्ट सोडतोय... मी म्हटलं, "सोड ना हा नियम, कोण बघतंय?" त्यानं डोळे वटारले. मग आईच म्हणाली, स्वयंपाकघरातून, "अगं, लहानपणी खेळायचात तसं खेळा की दोघं."

त्या दिवसापासून कॉलेज सुटलं की मी थेट वाघोलीला. त्याच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये दोघांच्या मध्ये उशी, उशीवर तो बिनवायरचा कंट्रोलर, डाव्या बाजूच्या छोट्या काठीवर त्याचा अंगठा आणि उजवीकडच्या बटणावर माझा. लोकांना वाटेल काय हा पोरखेळ. वाटू दे. मला त्या दुपारी हव्या होत्या, आणि त्याला तो खेळ संपवायचा होता, मरायच्या आधी. तो तसं सरळ म्हणायचा. "मरायच्या आधी" म्हणायचा, "लवकर" नाही. आई उठून आत जायची.

त्याचा अंगठा आता जड झाला होता. काठीवर ठेवला की आपल्याच वजनानं डावीकडे ओघळायचा आणि विमान पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसायचं. मधोमध आणायला त्याला जोर लावावा लागायचा, कपाळावर घाम यायचा. शेवटी आम्ही ठरवलं की तोच आपला कोपरा. डावीकडे दबा धरून बसायचं आणि तिथून मारायचं. "सरळ लढणं आता जमणार नाही," तो म्हणाला, "कोपऱ्यातून टोमणे मारू. पुणेरी पद्धत." त्या कोपऱ्यातून आम्ही एकेक शहर सोडवत गेलो. हरायचो, आकडे शून्यावर जायचे, पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्याचा श्वास अपुरा पडायला लागला होता, वाक्यं तुटायला लागली होती, तरी हरलो की शिवी मात्र अख्खी द्यायचा.

आणि मग ती दुपार. शेवटचं जहाज, एकच जीव उरलेला, आणि जहाजाला आग लागलेली. इतक्या पुढे आम्ही कधी पोचलो नव्हतो. आई पदर तोंडाला लावून मागे उभी. मी बटण दाबतेय, दाबतेय, आणि मला दिसलं की एक गोळी आमच्या कोपऱ्याकडे येतेय. अगदी सावकाश. लहान मुलालाही चुकवता आली असती. "मिल्या, उजवीकडे!" मी ओरडले. त्याचा अंगठा हलला नाही. "उजवीकडे रे!" मी त्याच्या हाताकडे पाहिलं. तो जिवाच्या आकांतानं ढकलत होता, मानेच्या शिरा ताठल्या होत्या, आणि अंगठा जागचा हलत नव्हता. माझं बोट त्या काठीपासून वीतभर अंतरावर होतं. मी हात लावला नाही.

विमान फुटलं. आकडे सुरू झाले. आम्ही तिघं शून्य होईपर्यंत बघत राहिलो.

तो म्हणाला, "हात... नाही लावलास."

"नाही."

"लावला असतास तर... जिंकलो असतो." मग दम घेऊन म्हणाला, "पण मग परीक्षण... कोणाचं? बरं केलंस." आणि सेल संपत आलेत, उद्या येताना घेऊन ये, म्हणाला. तो उद्या म्हणजे सुरुवातीला सांगितला तो दिवस.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात भंतेजी अनित्यतेबद्दल फार शांतपणे बोलले. मी हात जोडून बसले होते, मान हलवत होते, आणि डोक्यात एकच चाललं होतं : हात लावला असता तर? इतिहासात जर-तर नसतं म्हणणारी मी, आता उठता-बसता दुसरं काही करत नाही. कप पहिल्यांदा निसटला तेव्हाच डॉक्टरांकडे नेलं असतं तर. औषध असतं तर. त्या दिवशी पुढचा ट्रक हलला असता आणि मी वेळेत पोचले असते तर. वर्गात पानिपत शिकवताना मध्येच थांबते मी, पोरं वाट बघत बसतात. लोक म्हणतात, सुटला बिचारा. त्यांना काय सांगू? त्याला सुटायचं नव्हतं हो, त्याला खेळ संपवायचा होता. एवढंच मागत होता तो, आणि तेवढंही झालं नाही.

संपादकबाईंचा फोन आला होता. बाई चांगल्या मनाच्या. म्हणाल्या, "आपण त्याच्या नावानं छोटं परीक्षण छापू या का? तुम्ही तर सोबत खेळलात. चार तारे देऊ." मी म्हटलं, "बाई, न संपवलेल्या खेळाला तो एक ताराही देत नव्हता. मी कोण देणारी?" म्हणून आज या जागेत परीक्षण नाही. हे आहे.

आई त्या फ्लॅटवरून हलायला तयार नाही, त्यामुळे मी अजून दुपारी जाते. परवा पहिल्यांदा ते सेलचं पाकीट फोडलं, कंट्रोलरमध्ये घातले आणि खेळ लावला. काय करायचं होतं कोण जाणे. कंट्रोलर उशीवर ठेवला, उजवीकडे बसले, आणि बघते तर विमान आपोआप सरकायला लागलं. डावीकडे. सावकाश जाऊन आमच्या कोपऱ्यात उभं राहिलं. काठीला कोणीही हात लावला नव्हता. मी घाबरून आईला हाक मारली, मग दोघी बघत बसलो. नंतर दुकानदारानं सांगितलं की अंगठ्याचा भार सतत एकाच बाजूला पडला की आतली काठी झिजते आणि तिकडेच ओढ घेते. "मॅडम, बदलून टाका, नवीन स्वस्तात मिळतो," म्हणाला. मी त्याला असं काही ऐकवलं की तो आठवडाभर विसरणार नाही.

आता आम्ही रोज खेळतो. विमान कोपऱ्यात जाऊन उभं राहतं, मी बटण दाबते. पहिलं शहरही पार होत नाही, कारण समोरून गोळी आली की ते हलत नाही. मी ओरडते, "उजवीकडे रे," आणि ते हलत नाही. माझं बोट तिथेच असतं, वीतभर अंतरावर. मी काठीला हात लावत नाही. विमान फुटतं, आकडे उलटे सुरू होतात, आणि मी शून्य होईपर्यंत बसून राहते.

आई आतून विचारते, "झाला का गं खेळ पुरा?"

"नाही," मी म्हणते, आणि पुन्हा पहिल्यापासून लावते.