मंगळवारी सकाळी वाजलेला शंख

माझी जाऊ फेतुआओ एकटी बसू लागली तेव्हा गावाला वाटलं, आमच्या घरात भांडण झालंय. आमच्याकडे एकटा बसतो तो एक तर आजारी किंवा रुसलेला. घरांना भिंती नाहीत, नुसते खांब आणि झावळ्यांचे पडदे, त्यामुळे येणारा-जाणारा बघणारच. जो तो मलाच विचारायचा, "काय गं, काय बोललीस तिला?" मी काय बोलणार? ती पदवीचा अभ्यास करत होती, आणि बोल मात्र मला लागत होता.

फेतुआओ गावच्या शाळेत आठवीपर्यंत शिकवायची. पुढचे वर्ग नव्हते. त्यांना पदवीधर शिक्षक लागतो, आणि सवाई बेटाच्या या टोकाला कुणी पदवीधर येऊन राहत नाही. म्हणून आठवी झाली की पोरं बोटीनं राजधानीला, आपियाला, नातेवाइकांकडे. तिची लेकही तशीच गेली. सुट्टीत घरी आली की ती पाहुणीसारखी विचारून विचारून वाढून घ्यायची. ते बघून फेतुआओ माझ्याजवळ ढसाढसा रडली, आणि डोळे पुसून म्हणाली, "पदवीधर येत नाही ना? मग मीच होते."

विद्यापीठ समुद्रापलीकडे, दुसऱ्या देशात. धडे कॉम्प्युटरवर यायचे, आणि नेट यायचं फक्त आमच्या घराच्या समुद्राकडच्या खांबापाशी. शाळा, स्वयंपाक, चर्चचं गाणं, सगळं उरकून ती तिथे जाऊन बसायची. अशी सहा वर्षं.

"त्या खांबाशीच लग्न लाव आता," मी म्हणायचे.

"तो निदान मध्ये बोलत नाही," ती म्हणायची.

शेवटचा पेपर घरूनच द्यायचा होता. लितियाबाई नावाच्या प्राध्यापिका कॉम्प्युटरच्या पडद्यावरून लक्ष ठेवणार होत्या. नियम एकच: जवळ कुणी दिसायचं नाही, दुसऱ्या कुणाचा आवाज यायचा नाही. फेतुआओनं सगळ्यांना बजावून सांगितलं. आम्ही माना डोलावल्या, पण मनातून कुणालाच ते पटलं नव्हतं. एवढ्या मोठ्या कामाला माणसाला एकटं सोडायचं?

तिनं पहिला प्रश्न उघडला आणि घरातली म्हातारी पेपेआत्या पंखा घेऊन मागे जाऊन बसली, माश्या वारायला. तिला बघून शेजारणी आल्या. मग आले ताउआनूमामा. हे फेतुआओच्या आईचे भाऊ आणि गावाचे वक्ते सरदार. पाहुणा आला की काठी टेकून, त्याच्या पूर्वजांची नावं घेत गावातर्फे स्वागताचं भाषण करायचं, हे त्यांचं काम. पडद्यावर परक्या देशाची बाई दिसली, आणि तिला तसंच ताटकळत ठेवणं मामांच्यानं होईना. त्यांनी काठी टेकली, घसा खाकरला आणि सुरुवात केली. लितियाबाईंच्या पूर्वजांपर्यंतही ते पोचले नव्हते, तोच पडदा काळा झाला. परीक्षा रद्द.

फेतुआओ कुणावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. लितियाबाईंनी रदबदली करून आणखी एक संधी मिळवून दिली, तीही शेवटची: मंगळवारी सकाळी दहा वाजता. ती हुकली असती तर सहाही वर्षं पाण्यात.

मामांनी दोन दिवस तोंडातून शब्द काढला नाही. असं कधी घडलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सरदारांची बैठक बोलावली आणि म्हणाले, "मंगळवारी दहाला सा."

सा म्हणजे आमची संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ. शंख वाजला की जो तो आपल्या घरात, गाव चिडीचूप. रस्त्यावर तरुण मंडळी उभी राहतात आणि वाटसरूलाही थांबवतात. मोडली तर दंड.

पाद्रीबुवा चपापले. "अहो, सा देवासाठी असते. परीक्षेसाठी कुठे?"

"मग देवालाच विचारा," मामा म्हणाले, "पोरं तेराव्या वर्षी घर सोडून जातात ते त्याला आवडतं का."

पाद्रीबुवांनी विचारलं की नाही ठाऊक नाही, पण मंगळवारी प्रार्थनेची घंटा त्यांनीच कापडात गुंडाळून ठेवली. दंड ठरला एक डुक्कर. कोंबडे टोपल्यांखाली कोंडले, डुकरं लांबच्या मळ्यात हाकलली. दहाच्या आधी शंख वाजला. फेतुआओनं चारी बाजूंचे पडदे सोडले. झालं की समुद्राकडचा पडदा ती वर करणार, मग पुन्हा शंख, आणि मगच गावानं तोंड उघडायचं.

बस वेशीवरच अडवली. आतल्या लोकांना वाटलं कुणी थोर माणूस गेलं. त्यांनी टोप्या काढल्या आणि गुपचूप बसून राहिले. शेजारच्या घरात मी तोंडात कापडाचा बोळा कोंबून खोकला दाबत होते. माझी जाऊ आत लिहीत होती, आणि अख्ख्या गावात नुसती लाटांची गाज. मला एकाएकी तिचा असा अभिमान वाटला की खोकल्याऐवजी रडूच यायला लागलं.

दुपार व्हायला आली आणि पडदा हलला. वर गेला. फेतुआओ खांबाला धरून उभी होती, तोंडभर हसत.

"चूऽऽ हूऽऽ!"

आमच्याकडची आनंदाची आरोळी, आणि शंख तर अजून वाजला नव्हता. सगळं गाव वळून बघायला लागलं. ताउआनूमामा काठी उंच धरून उभे होते, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

निकाल आला. ती पास झाली, तीही चांगल्या गुणांनी. नववीला मंजुरी मिळाली. मेजवानीसाठी भट्टी पेटवली त्या दिवशी मामा दोन डुकरं हाकत आले.

"दंड एकाचाच आहे, मामा," फेतुआओ म्हणाली.

"एक त्या दिवशीच्या ओरडण्याचं," मामा म्हणाले. "दुसरं आधीच्या बोलण्याचं. त्याचा दंड मला कुणी केला नव्हता, पोरी."

फेतुआओ आत गेली, कॉम्प्युटर आणून तिनं त्याच खांबापाशी ठेवला आणि त्यावरून लितियाबाईंना फोन लावला. बाई पडद्यावर आल्या, हसल्या. मग तिनं मामांची काठी उचलून त्यांच्या हातात दिली.

"तुमचं स्वागत अर्धंच राहिलंय, मामा. आता पुरं करा."

मामांनी काठी टेकली, घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. डुकरं भाजून झाली, ताटं वाढून झाली, तरी ते लितियाबाईंच्या पूर्वजांतच होते, आणि कुणीही त्यांना थांबवलं नाही.